पत्त्यांची टंचाई

नभोवाणी आणि इंटरनेट ही दोन्ही साधने माणसाचा आवाज क्षणार्धात शेकडो कोस दूर नेतात. परंतु तो नेण्याची त्यांची रीत मुळातच भिन्न आहे. नभोवाणी केंद्रावरून निघालेली लहर कोणा एकाच्या नावाने निघत नाही. ती आसमंतात पसरते, आणि ज्याच्यापाशी यंत्र असेल त्याने ती झेलावयाची असते. श्रोते दहा असोत की दहा लाख असोत, केंद्राला त्यांचे पत्ते ठाऊक असण्याचे कारण पडत नाही. इंटरनेटचा व्यवहार मात्र टपालखात्यासारखा आहे. आकाशवाणीचे कार्यक्रम आता मोबाइल फोनवरूनही ऐकता येतात. बडोद्यास, इंदुरास किंवा हैदराबादेस बसून जो कोणी असे एखादे मराठी भाषण फोनवर ऐकत असेल, त्याच्याकडे ते भाषण लहान लहान पुडक्यांच्या रूपाने येत असते. आणि त्यांतील प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते लिहिलेले असतात. पत्ता नाही तर पुडके नाही, असा या जाळ्याचा रोखठोक कायदा आहे.

हे पत्ते म्हणजे नुसते क्रमांक होत. ते कोणी कितीही निर्माण करावेत अशी सोय नाही. त्यांची संख्या पहिल्या दिवशीच ठरून गेली होती. ही संख्या पुरी पडणार नाही हे १९९० च्या सुमारासच ध्यानात आले होते, आणि २०११ साली मध्यवर्ती कोठार खरोखरच रिकामे झाले. तरीही जग थांबले नाही. उलट इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या त्यानंतर दुपटीहून अधिक झाली. कोठार रिकामे असताना वाटप कसे चालले, कोणी काटकसर केली, कोणाच्या पदरात किती पडले आणि या सगळ्याची किंमत अखेर कोण देत आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. तो वरवर यंत्रशास्त्राचा वाटतो. पण थोडे खोल गेले म्हणजे तो राज्यव्यवहाराचा आणि न्यायाचा विषय आहे असे दिसून येते.

प्रथम पत्ता म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडची पद्धत सुरू झाली. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याची, आणि संस्कृत कवीची, ती योजना. तिच्यातील मर्म असे की, सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पुढचे अंक प्रदेश अधिकाधिक आवळत नेतात, आणि अखेरचे तीन अंक नेमके टपाल कार्यालय दाखवितात. कोलकात्यात पत्रे वेगळी करणाऱ्या कर्मचाऱ्याला कोकणातील खेड्याचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. आरंभीचे अंक पाहून त्याने पत्र योग्य दिशेला रवाना केले की त्याचे काम संपले. इंटरनेटच्या पत्त्यातही हेच तत्त्व आहे. क्रमांकाचा पूर्वार्ध जाळे सांगतो आणि उत्तरार्ध त्या जाळ्यातील यंत्र सांगतो. वाटेत ठिकठिकाणी बसलेली राउटर नावाची यंत्रे फक्त पूर्वार्ध वाचतात आणि पुडके पुढे ढकलतात. त्यामुळेच पत्ते एकेक सुटे वाटता येत नाहीत. ते गटागटाने, शेतजमिनीच्या सलग तुकड्यांप्रमाणे, द्यावे लागतात. पुढे जी अडचण उद्भवली तिचे बीज येथे आहे.

पुडक्यांची ने-आण कोणत्या रीतीने करावयाची याच्या नियमांना इंटरनेट प्रोटोकॉल किंवा संक्षेपाने आयपी असे म्हणतात. या नियमांची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आपण ज्यांना जुने पत्ते म्हणतो ते त्या आवृत्तीचे आहेत. असा पत्ता २०३.०.११३.७ यासारखा चार भागांत लिहितात, आणि प्रत्येक भाग ० पासून २५५ पर्यंत असू शकतो. यंत्राच्या दृष्टीने तो शून्य किंवा एक अशा बत्तीस खुणांचा बनलेला असतो. बत्तीस खुणांपासून ४,२९,४९,६७,२९६ एवढेच वेगवेगळे क्रमांक तयार होतात. म्हणजे सुमारे ४२९ कोटी. त्यांतूनही पन्नास कोटींहून अधिक क्रमांक विशेष कामांसाठी किंवा भविष्यकाळासाठी म्हणून बाजूला ठेवलेले आहेत. १९८१ साली जगाची लोकसंख्या सुमारे साडेचारशे कोटी होती. म्हणजे माणशी एक पत्ता द्यावा म्हटले तरी ही संख्या जन्मतःच अपुरी होती.

मग इतकी तोकडी योजना कोणी व का मान्य केली? त्या काळाचे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे योजकांना दोष द्यावासा वाटत नाही. हे जाळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने चाललेला एक प्रयोग होता, आणि त्याला जोडलेले संगणक १९८१ मध्ये अवघे दोनशेच्या घरात होते. संगणक ही मोठमोठ्या विद्यापीठांनी बाळगावयाची वस्तू होती. ती कोणाच्या खिशात मावेल हे स्वप्नातही नव्हते. रॉबर्ट कान यांच्यासमवेत ज्यांनी या नियमांची मूळ आखणी केली, त्या व्हिंट सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, बत्तीस खुणांचा निर्णय एका प्रयोगापुरता होता. प्रयोग संपलाच नाही, आणि तात्पुरती मांडलेली चूल हीच कायमची चूल झाली.

संख्या मर्यादित होती हे खरे. परंतु ती ज्या सढळ हाताने वाटली गेली त्यामुळे टंचाई अधिक लवकर आली. आरंभी गटांचे तीनच वर्ग होते. पहिल्या वर्गाच्या एका गटात १,६७,७७,२१६ पत्ते, दुसऱ्यात ६५,५३६ आणि तिसऱ्यात केवळ २५६. मधले माप नव्हतेच. एखाद्या संस्थेजवळ तीनशे संगणक असले तर तिसरा वर्ग अपुरा पडे, आणि दुसऱ्या वर्गाचा गट दिला की पासष्ट हजारांवर पत्ते निष्कारण पडून राहत. शेराचे माप नसल्यामुळे छटाकाच्या गिऱ्हाइकालाही मणाचे पोते द्यावे, तसा हा प्रकार होता. पहिल्या वर्गातील एकेक गट मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आयबीएम, फोर्ड, अ‍ॅपल अशा संस्थांना आणि कंपन्यांना मिळाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तर असे दहाहून अधिक गट गेले. क्रमांकांची नोंद ठेवण्याचे काम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन पोस्टेल हे गृहस्थ पाहत असत; त्यांच्याकडे मागणी करावी आणि गट मिळवावा, इतका सारा मामला साधा होता. करार नाही, शुल्क नाही, परत करण्याची अट नाही. आपल्याकडे जुन्या राजवटींनी दिलेल्या इनामांना आणि वतनांना निदान सेवेची काही शर्त असे. येथे तीही नव्हती. पुढे ही वतने खालसा करावीत असे अनेकांना वाटले, पण तसे करण्याचा अधिकार जगात कोणालाच नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००० साली आपला पावणेदोन कोटींच्या आसपासचा संपूर्ण गट आपणहून परत केला, हे औदार्य म्हणूनच उठून दिसते.

टंचाईची चाहूल लागताच ज्या उपाययोजना झाल्या त्यांतील पहिली अगदी सरळ होती. १९९३ मध्ये तीन वर्गांची पद्धत रद्द करण्यात आली आणि ज्याला जेवढी गरज तेवढ्याच मापाचा गट द्यावा असे ठरले. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण माणसांना ऐकवितो. येथे पाय पाहून अंथरूण बेतण्यास आरंभ झाला. दुसरी योजना अधिक कल्पक होती आणि तिचे परिणामही दूरवर गेले. काही क्रमांक खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. ते कोणत्याही घराने किंवा कचेरीने आपल्या चार भिंतींच्या आत वापरावेत. बाहेरच्या जगात मात्र त्यांना किंमत नाही. मग आतला संगणक बाहेरच्या जगाशी बोलणार कसा? त्यासाठी दारावर एक यंत्र बसविलेले असते, आणि पत्त्यांचे भाषांतर करणे हे त्याचे काम.

ज्यांनी सरकारी कचेरी जवळून पाहिली आहे त्यांना हे काम समजावयास वेळ लागणार नाही. कचेरीत पन्नास मेजे असतात, पण बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर पत्ता एकच असतो, तो कचेरीचा. पत्र आवक-जावक कारकुनाकडे येते; तो नोंदवहीत ते कोणत्या मेजावरून आले हे लिहितो, त्यावर जावक क्रमांक घालतो आणि टपालात टाकतो. उत्तर देणारा 'संदर्भ : आपले पत्र जावक क्रमांक अमुक' असे नमूद करतो. उत्तर आले की कारकून वही उघडतो आणि ते नेमक्या मेजावर धाडतो. दारावरचे यंत्र तंतोतंत हेच करते. त्यामुळे एका घरातील चार फोन, दूरचित्रवाणी संच आणि संगणक यांना मिळून बाहेरच्या जगातला एकच पत्ता पुरतो. ही युक्ती १९९४ मध्ये मांडली गेली, आणि जुन्या पत्त्यांचे आयुष्य जर कोणी सर्वांत अधिक वाढविले असेल तर ते या आवक-जावक वहीने.

दरम्यान वाटपाची शासनव्यवस्थाही आकारास आली. पोस्टेल यांच्या नोंदवहीचे काम वाढत वाढत एका मध्यवर्ती कार्यालयाकडे गेले, आणि त्याच्या हाताखाली जगाच्या पाच विभागांसाठी पाच नोंदणीसंस्था उभ्या राहिल्या. युरोप व मध्यपूर्वेसाठी राइप, आशिया व पॅसिफिकसाठी एपनिक, उत्तर अमेरिकेसाठी आरिन, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी अ‍ॅफ्रिनिक. या संस्था सरकारी नाहीत. त्यांचे सभासद म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या, विद्यापीठे आणि इतर मोठे वापरकर्ते. नियम सभासदांनी सभेत चर्चा करून ठरवावयाचे, अशी रीत आहे. भारतात २०१२ पासून एपनिकच्या विभागांतर्गत इरिन ही राष्ट्रीय नोंदणीसंस्था हे काम पाहते.

मध्यवर्ती कोठारात अखेरचे पाच मोठे गट उरले तेव्हा, आधी ठरल्याप्रमाणे, ३ फेब्रुवारी २०११ रोजी प्रत्येक विभागाला एकेक गट देऊन ते कोठार बंद करण्यात आले. आशियाचा विभाग सर्वांत वेगाने वाढत होता. त्यामुळे त्याचा साठा प्रथम आटला. १५ एप्रिल २०११ रोजी एपनिकजवळ केवळ शेवटचा गट राहिला, आणि त्या दिवसापासून खरे रेशन सुरू झाले. सभासद केवढाही मोठा असो, या गटातून त्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळतील असे ठरले. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आणण्यात आली. उत्तर अमेरिकेचा साठा सप्टेंबर २०१५ मध्ये आणि युरोपचा नोव्हेंबर २०१९ मध्ये संपला. युरोपात आता प्रतीक्षायादी आहे. कोणी गट परत केला तर यादीतील पुढच्याला २५६ पत्ते मिळतात.

या रेशनामागील विचार समजून घेण्याजोगा आहे. शहाणा शेतकरी कितीही ओढ लागली तरी बियाण्याची कणगी फोडीत नाही. नवी कंपनी किंवा नवे विद्यापीठ जाळ्यात येऊ पाहील तेव्हा त्याच्या हाती निदान मूठभर जुने पत्ते असावेत, कारण जग जोवर जुन्या पत्त्यांनी बोलत आहे तोवर त्यांच्यावाचून त्याला कोणाशी संवादच साधता येणार नाही; म्हणून शेवटचा गट मोठ्यांच्या भुकेसाठी नव्हे, तर उद्या येणाऱ्या लहानांसाठी राखून ठेवावयाचा, हे ते तत्त्व. कोणत्याही सरकारच्या हुकुमावाचून, केवळ सभासदांच्या संमतीने, जगाच्या निम्म्याहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशात ते पाळले गेले. टंचाईच्या इतिहासात ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु जेथे रेशन आहे तेथे बाजारही उभा राहतोच. पूर्वी जे फुकट मिळाले होते त्याला आता मोल आले. २०११ मध्येच नॉर्टेल या दिवाळ्यात निघालेल्या कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलर देऊन घेतले. म्हणजे पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर. दहा वर्षांनी हा भाव पन्नास डॉलरच्या पुढे गेला आणि नंतर पुन्हा उतरला. मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेने २०१७ मध्ये आपल्या वतनाचा मोठा हिस्सा विकावयास काढला आणि तो अ‍ॅमेझॉनने घेतला. हौशी नभोवाणीचालकांसाठी १९८१ मध्येच एक संपूर्ण मोठा गट राखून ठेवण्यात आला होता. त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ४२ लाख पत्ते, २०१९ मध्ये त्याच कंपनीला दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीस विकला गेला, आणि त्या पैशातून हौशी संदेशवहनाला अनुदाने देणारा निधी उभारण्यात आला. पुढे १ फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉनने आपल्या ग्राहकांना जुन्या पत्त्यासाठी ताशी अर्धा सेंट भाडे लावले. वर्षाला ते सुमारे ४४ डॉलर होते.

बाजाराची बाजू घेऊन असे म्हणता येते की, भाव आल्यामुळेच पडीक गट बाहेर निघाले, आणि हे खरे आहे. पण बाजार म्हटला की सातबाराचा उतारा स्वच्छ हवा. पत्त्याची मालकी म्हणजे नोंदणीसंस्थेच्या दप्तरातील एक ओळ. ती ओळ बदलली की मालक बदलला. आफ्रिकेच्या नोंदणीसंस्थेत २०१९ मध्ये असे उघडकीस आले की, दप्तरात फेरफार करून लक्षावधी पत्ते परस्पर लाटण्यात आले होते. त्यानंतर एका मोठ्या सभासदाशी मॉरिशसच्या न्यायालयांत दावे सुरू झाले, संस्थेचा कारभार खोळंबला, आणि २०२३ मध्ये न्यायालयाला तिच्यावर रिसीव्हर नेमावा लागला. ज्या खंडाला पत्त्यांची निकड सर्वांत अधिक, त्याच खंडाचे दप्तर असे अडकून पडावे, हे दुर्दैव होय. तलाठ्याची वही बिघडली तर शेतकऱ्याचे काय होते ते आपल्या देशात कोणाला सांगावयास नको.

आता आपल्या ताटात काय पडले ते पाहू. अमेरिकेकडे जुने पत्ते दीडशे कोटींच्या वर आहेत. लोकसंख्येच्या मानाने माणशी चारपाच. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर, आणि आपल्याकडील जुने पत्ते सुमारे चार कोटी; म्हणजे साधारणतः पस्तीस माणसांत एक. यात कोणी आपल्यावर हेतुपुरस्सर अन्याय केला असे नाही. वाटप चालू होते तेव्हा आपण पंगतीस बसलो नव्हतो, एवढेच. आपल्याकडे इंटरनेटची सेवा सर्वसामान्य जनतेस खुली झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. तोवर पहिल्या पंक्ती उठून गेल्या होत्या.

या तुटपुंजेपणावर कंपन्यांनी जो तोडगा काढला तो म्हणजे आवक-जावक वहीचाच मोठा अवतार. घराच्या दारावरचे यंत्र घरापुरते पाहते. कंपनीच्या दारावरचे यंत्र शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्याआड बसविते. काम भागते, पण तीन ठिकाणी घास अडतो. पहिली अडचण अशी की, एका पत्त्यामागे जावक क्रमांक ६५,५३६ च असतात, आणि एकच पान उघडताना फोन एकदम अनेक पत्रे पाठवीत असतो. त्यामुळे किती माणसे कोंबावीत याला सीमा आहे. दुसरी अशी की, आड बसलेला माणूस बाहेर पत्र धाडू शकतो आणि त्याचे उत्तर घेऊ शकतो, परंतु बाहेरून आपण होऊन कोणी त्याला पत्र पाठवू म्हटले तर ते पोचत नाही. कारण वहीत त्याची नोंदच नसते. मूळ जाळ्यात प्रत्येक यंत्र बोलणारेही होते आणि ऐकणारेही होते. आता पत्ता असलेले दुकानदार आणि पत्ता नसलेले गिऱ्हाईक अशी दोन जातींची विभागणी होऊ लागली. आपल्या घरच्या संगणकावर स्वतःचे लहानसे ग्रंथालय मांडून ते जगाला खुले करावे असे एखाद्या शिक्षकाला वाटले, तर त्याला त्या कामी कोणाकडून तरी भाड्याने जागा घ्यावी लागते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर, कारण तिच्यात माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे. गुन्ह्याच्या तपासात पोलिसांच्या हाती बहुधा प्रथम पत्ताच लागतो. तो पत्ता त्या क्षणी कोणाकडे होता हे सेवा देणाऱ्या कंपनीने सांगावयाचे असते. २००७ साली पुणे पोलिसांनी एका बदनामीकारक मजकुराच्या प्रकरणात बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली, आणि त्याला सुमारे पन्नास दिवस तुरुंगात काढावे लागले. पुढे निष्पन्न झाले की, कंपनीने त्या पत्त्याचा धारक म्हणून चुकीचेच नाव कळविले होते. हे घडले तेव्हा प्रश्न एका पत्त्याच्या एका नोंदीचा होता. एका पत्त्याआड एकाच क्षणी शेकडो माणसे असतात तेव्हा नुसता पत्ता आणि वेळ पुरत नाही, जावक क्रमांकही लागतो. आणि तो कोणी टिपून ठेवलेला नसेल तर शेकडो निरपराध माणसे संशयाच्या छायेत येतात, आणि खरा अपराधी त्या गर्दीतून निसटतो. संगणकीय व्यवस्थांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात असा आदेश आपल्याकडे २०२२ साली निघाला. तो आवश्यक होताच. परंतु कोट्यवधी लोकांच्या प्रत्येक हालचालीची वही ठेवणे हेही निर्धास्त होण्यासारखे नाही. पत्त्याची काटकसर अशा रीतीने नागरिकाच्या खाजगी आयुष्यापर्यंत येऊन भिडते.

मग याला मुळातून उपाय नाही काय? आहे, आणि तो जुना आहे. नियमांची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्येच प्रसिद्ध झाली. तिच्यातील पत्ता बत्तीस खुणांऐवजी १२८ खुणांचा आहे. या पत्त्यांची एकूण संख्या म्हणजे ३४० वर छत्तीस शून्ये. आकडा डोळ्यांसमोर आणावयाचा तर असे म्हणता येईल की, जुने सर्व पत्ते घ्यावेत आणि त्यांतील प्रत्येकाच्या पोटी पुन्हा तेवढेच पत्ते घालावेत. जी संख्या होईल तेवढे पत्ते नव्या पद्धतीत एका साध्या घरगुती जाळ्याच्या वाट्याला येतात. इतका उपाय हाताशी असता तीन दशके लोटली तरी जग अर्ध्या वाटेवरच का आहे?

कारण असे की, जुने यंत्र नव्या पत्त्याचे पाकीट वाचू शकत नाही. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हाची गोष्ट ज्येष्ठांच्या स्मरणात असेल. रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नये पैसे आले. काही काळ दोन्ही नाणी बरोबरीने चालली, हिशेबाची कोष्टके भिंतींवर लागली, आण्याचे सहा की सव्वासहा यावर दुकानादुकानांत हुज्जती झाल्या. पण अखेरीस आणे गेले, कारण ते जातील असे ठरविणारे एक सरकार होते. इंटरनेटच्या बाबतीतही असे एकदा घडले आहे. १ जानेवारी १९८३ रोजी एका दिवसात जुने नियम बंद करून चौथी आवृत्ती लागू करण्यात आली. कारण तेव्हा यंत्रे शेकड्यांनी मोजावयाची होती आणि हुकूम देणारा एकच होता. आज यंत्रे अब्जावधी आहेत आणि हुकूम देणारा कोणीच नाही. नव्या पत्त्यांचा खर्च आज करावयाचा आणि लाभ मात्र शेजाऱ्याने बदल केल्यावर मिळावयाचा, अशी स्थिती असल्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत थांबला. शिवाय आवक-जावक वही इतकी उत्तम चालली की, घाई कशाची, असेच पुष्कळांना वाटू लागले. काटकसरीने वेळ मिळवून दिला, आणि मिळालेला वेळ आळसात गेला.

या गोष्टीत एक विलक्षण कलाटणी आहे, आणि ती आपल्या देशाशी निगडित आहे. ज्यांच्या घरी जुन्या पत्त्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या त्यांना नव्याची निकड नव्हती. ज्यांच्या घरी काही नव्हते त्यांना दुसरा मार्गच नव्हता. भारताच्या दूरसंचार विभागाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये नव्या पत्त्यांकडे जाण्याचा आराखडा जाहीर केला. सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या रिलायन्स जिओने आपल्या मोबाइल जाळ्यात आरंभापासूनच नवे पत्ते वापरले, आणि थोड्याच काळात कोट्यवधी ग्राहक, त्यांना न कळत, नव्या पत्त्यांवर आले. आज भारतातील सुमारे सत्तर टक्के वापरकर्ते नव्या पत्त्यांनी बोलू शकतात. जगाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. म्हणजे या बाबतीत आपण जगाच्या पुढच्या रांगेत आहोत. उशिरा आलेल्याला जुना वाडा मिळाला नाही, म्हणून त्याने मोकळ्या माळावर नवे घर बांधले, असे हे झाले.

तथापि समाधान मानून स्वस्थ बसावे अशी स्थिती नाही. फोन नव्या पत्त्यांनी बोलू शकतो. पण तो ज्यांच्याशी बोलू पाहतो त्या कचेऱ्या, महाविद्यालये, पेढ्या आणि वृत्तपत्रे यांच्यापैकी पुष्कळांची संकेतस्थळे अजूनही केवळ जुन्या पत्त्यांवर आहेत. तेथे पोचावयाचे तर पुन्हा मधले भाषांतरयंत्र आलेच, पुन्हा ती वही आली, आणि वहीबरोबर तिचे सर्व धोके आले. सरकारी संकेतस्थळांनी नव्या पत्त्यांवर यावे यासाठी दिलेल्या मुदती वेळोवेळी वाढविण्यात आल्या आहेत. हे काम अवघड असण्यापेक्षा कंटाळवाणे आहे, आणि कारभाराचा अनुभव असा की, अवघड कामे एखादे वेळी होऊन जातात, कंटाळवाणी कामे मात्र फाइलीत राहतात. कार्यालयाने नवी यंत्रसामग्री किंवा नवी सेवा विकत घेताना ती नव्या पत्त्यांवर चालते की नाही, एवढी एकच अट निविदेत घालावी आणि ती कटाक्षाने पाळावी. त्याने जे साधेल ते दहा परिपत्रकांनी साधणार नाही.

आटत चाललेल्या वस्तूचे व्यवस्थापन कसे करावे याचा धडा या हकिगतीत आहे, आणि तो पाण्यालाही लागू पडावा. आरंभी मुबलक दिसणारी वस्तू वाटताना मोजमाप ठेवावे, कारण पहिल्या पंक्तीतील औदार्याची किंमत शेवटची पंगत देते. टंचाई आली म्हणजे थोडे तरी बियाणे नवागतांसाठी राखावे. दप्तर निर्मळ ठेवावे, कारण तुटवड्यात वही हीच मालमत्ता होते. या तिन्ही गोष्टी जगाने कमीअधिक प्रमाणात शिकून घेतल्या. चौथी मात्र अजून शिकावयाची आहे. रेशन हा उपाय नव्हे. तो उपायासाठी मिळालेला अवधी आहे. विहिरीचे पाणी पेल्याने मोजून देणारा मनुष्य कितीही प्रामाणिक असला, तरी पलीकडे नवी विहीर भरलेली असताना लोकांना रांगेत उभे ठेवणे हे त्याच्या प्रामाणिकपणाचे सार्थक होऊ शकत नाही. नवी विहीर खणून झाली आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण तिचे पाणी न जाणता पीतही आहेत; आता उरलेल्या वाड्यांपर्यंत पाट नेण्याचेच काम राहिले आहे.